हात कुठे थांबवायचा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे समितीचे पत्र आले, तेव्हा कशावर लिहावे हा प्रश्न मला पडलाच नाही. स्नेहसंमेलनांवर, सहलींवर, प्रयोगशाळेवर लिहिणारे पुष्कळ असतील आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मला लिहायचे आहे ते आपल्या व्यायामाच्या सरांविषयी, आणि तेही त्यांच्या एकाच शिकवणुकीविषयी. कारण सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवताना मला आजही पदोपदी तीच आठवते. अंगावर धावून येणाऱ्याला अडवताना स्वतःचा तोल कसा राखायचा आणि हात कुठे थांबवायचा, हे त्यांनी आम्हाला शिकवले.

सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले. १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवणाऱ्या त्या संस्थेचा त्यांना विलक्षण अभिमान होता. लाठी, लेझीम, मल्लखांब, फरी-गदका (म्हणजे छोटी ढाल आणि तलवारीऐवजी वापरायची काठी) हे सगळे त्यांनी मुलांच्या बरोबरीने आम्हा मुलींनाही शिकवले, आणि त्या काळी काही पालकांनी त्याबद्दल कुरकुर केली तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, पण तास बंद केला नाही. फरी-गदक्याच्या तासाला त्यांचा एक नियम ठरलेला असे. समोरच्याचा वार फरीवर झेलला की लगेच उलटा वार करायचा नाही. आधी एक पाऊल मागे घ्यायचे, त्याच्या हाताकडे पाहायचे, गदका अजून उगारलेला आहे की खाली आला आहे ते बघायचे, आणि खाली आला असेल तर आपलाही खाली घ्यायचा. चढाओढीच्या भरात हे पाऊल कोणी विसरले, तर सर शिट्टी वाजवून दोघांनाही पुन्हा पहिल्या पवित्र्यात उभे करत. कितीही वेळ गेला तरी ते हा नियम सोडत नसत.

हा नियम कशासाठी आहे, ते आम्हाला नववीत असताना पाण्याच्या टाकीमागे कळले. आमच्या वर्गातला एक मुलगा, अंगाने किरकोळ आणि स्वभावाने अबोल, मधल्या सुट्टीत पाणी प्यायला गेला असताना वरच्या वर्गातल्या एका दांडगट मुलाने त्याची कॉलर धरून त्याचे डोके टाकीच्या भिंतीवर आपटले. आमच्या वर्गमित्राने वळून त्याला कोपर मारले आणि तो मुलगा धप्पकन खाली बसला. इथपर्यंत कोणालाही काही म्हणायला जागा नव्हती. पण नंतर तो त्याच्या छातीवर बसला आणि त्याच्या तोंडावर बुक्क्यांवर बुक्क्या मारू लागला. खाली पडलेल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते, आम्ही चारपाच जणी जिवाच्या आकांताने आमच्या वर्गमित्राला हाका मारत होतो, आणि त्याला त्यातले काहीही ऐकू येत नव्हते.

सर धावत आले. त्यांनी त्याला मागून काखेत हात घालून उचलले आणि टाकीच्या कट्ट्यावर बसवले. त्याच्यावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. पडलेल्या मुलाला दोघांबरोबर कार्यालयात मलमपट्टीसाठी पाठवून ते याच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बुटाची नाडी सुटली आहे, बांध." त्याला ती बांधता येईना. बोटे इतकी थरथरत होती की नाडीचे टोक चिमटीतच येत नव्हते. सर म्हणाले, "सावकाश. श्वास आत घेशील त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर सोड आणि मग बांध." कितीतरी वेळ तो त्या नाडीशी झगडत होता आणि सर गुडघ्यांवर हात ठेवून नुसते बघत होते. अखेर गाठ बसली, तेव्हा ते बोलले.

"त्याने तुझं डोकं आपटलं तेव्हा तू जे केलंस ते बरोबर केलंस, आणि मुख्याध्यापकांना मी तसंच सांगणार आहे. पण तो पडल्यावर तू का मारत होतास?"

"मला आठवत नाही, सर."

सरांनी आपला शब्द पाळला. खोडी काढणाऱ्याला शिक्षा झाली आणि आमच्या वर्गमित्राचा कोपराचा फटका योग्यच होता, असे त्यांनी मुख्याध्यापकांसमोर स्पष्ट सांगितले. पण त्याच संध्याकाळी ते त्याला बरोबर घेऊन त्या मुलाच्या घरीही गेले. दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या तासाला लाठ्या कोठीतच राहिल्या. भीती आणि संताप यांत शरीराचे काय होते, ते त्यांनी आम्हाला पटांगणावर बसवून समजावले. छाती धडधडते, मोठ्या स्नायूंकडे रक्त धावते, त्यामुळे दांडगे काम जमते पण बोटांचे नाजूक काम जमत नाही. नजर समोरच्या एका माणसापुरती आक्रसते आणि भोवतालचे आवाज पोहोचत नाहीत. अशा वेळी नवा विचार सुचत नाही, अंगवळणी पडलेले तेवढे हातून होते, म्हणून ते मागचे पाऊल रोज घोटायचे, असे त्यांनी सांगितले. वार अडवताना "मागे हो!" असे मोठ्याने ओरडायलाही त्यांनी त्याच दिवसापासून शिकवले. ओरडताना आपला कोंडलेला श्वास सुटतो, समोरच्याला माघार घ्यायला वाव मिळतो आणि आजूबाजूची माणसे साक्षीला येतात.

पुढे विधी महाविद्यालयात भारतीय दंड संहितेतली ९६ ते १०६ ही खासगी बचावाच्या हक्काची कलमे वाचताना मला जागोजागी सर भेटत राहिले. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली आहेत, पण गाभा तोच आहे. शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची रास्त भीती निर्माण होताच सुरू होतो आणि ती भीती आहे तोवरच टिकतो, असे कलम ४० सांगते. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याचा हक्क आहे, त्याहून अधिक नाही, असे कलम ३७ सांगते. समोरच्याचा गदका खाली आला की आपलाही खाली, हे आम्ही सरांच्या शिट्टीवर आधीच शिकलो होतो.

कायदा या बाबतीत निष्ठुर नाही, हेही मला सांगितले पाहिजे. जिवावर बेतलेल्या माणसाने आपला प्रतिकार गणिती अचूकतेने, पायरीपायरीने मोजून करावा, अशी अपेक्षा धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात म्हटले आहे. सद्भावनेने बचाव करताना, पूर्वतयारी नसताना आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा उद्देश नसताना कोणी मर्यादा ओलांडली आणि समोरचा मरण पावला, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो. पण हा अपवाद मागायला आम्ही वकील उभे राहतो तेव्हा पुढ्यात शवविच्छेदनाचा अहवाल असतो. त्यात एक जखम समोरून झालेली असते आणि बाकीच्या पाठीवर असतात. पहिल्या जखमेसाठी मी तासभर युक्तिवाद करू शकते. पाठीवरच्या जखमांपाशी मात्र शब्द अडतात, कारण पाठ फिरवलेल्या माणसापासून कोणता धोका उरला होता, हा न्यायाधीशांचा प्रश्न रास्तच असतो. आरोपीला विचारावे तर बहुधा उत्तर येते की आठवत नाही. तो खोटे बोलत नसतो, हे मला ठाऊक आहे, कारण टाकीच्या कट्ट्यावर मी तेच उत्तर ऐकले आहे. त्याच्या बायकोला आणि आईला मात्र त्या न आठवणाऱ्या काही क्षणांपायी वर्षानुवर्षे तुरुंगाच्या भेटीला जावे लागते.

मागे एकदा शाळेत आले होते, तेव्हा टाकी पाडून तिथे वाहनतळ केलेला पाहिला आणि वेळापत्रकात लाठीचा तास उरलेला नाही, हेही समजले. त्याचे मला मनापासून वाईट वाटले. मुलींसाठी दोनतीन दिवसांची स्वसंरक्षण शिबिरे आता गावोगाव होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण मी पाहिलेल्या शिबिरांत कुठे मारावे हे शिकवले जाते, धोका टळल्यावर थांबावे कसे आणि त्या घटकेला पळून सुरक्षित जागा कशी गाठावी, याला वेळ मिळत नाही. ते दोन दिवसांत अंगवळणी पडणारे नाही. त्याला वर्षभराचा तास लागतो, आणि रोज तोच नियम लावून धरणारे सर लागतात.

समितीला मी वेगळे पत्र लिहिले आहेच, इथेही लिहिते. कोठीत जुन्या फऱ्या आणि गदके असतील तर ते मोडीत काढू नयेत. नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी हा तास पुन्हा सुरू होणार असेल, तर न्यायालयाला सुट्टी असलेल्या शनिवारी मी येत जाईन. कलमे मी सांगेन, आणि सरांच्या हाताखाली तयार झालेले आमच्या तुकडीतले दोघे पवित्रे शिकवायला तयार आहेत.