नांगरावर भिरभिरणारी होडी: ५० अंशांवरून १५ वर

अखेर आकडा खाली आला. १८ ते २० नॉट (तासाला सागरी मैल) वाऱ्यात नांगरावर उभी असलेली होडी वाऱ्याच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ५०-५० अंश भिरभिरायची, ती आता १५ अंशांच्या आत राहते. मागच्या तीन नोंदी याच दुखण्यावर खर्च झाल्या होत्या. ज्या उपायावर सगळी भिस्त होती तो एकटा पुरला नाही, आणि जो जाता जाता करून पाहिला त्यानेच सर्वांत मोठा फरक पाडला. म्हणून या वेळी सविस्तर.

होडी तीच: २० फुटी, फायबरची, वजन ८०० किलोच्या आसपास, तळातून पाण्यात वर-खाली होणारी फळी म्हणजे सेंटरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), पुढचं शीड म्हणजे जिब आणि ते गुंडाळायला फर्लर, मागे ४ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. मोजमापही आधीसारखंच: फोन इंजिनापासून दूर कॉकपिटच्या बाकाला टेपने चिकटवायचा, होकायंत्राची दिशा दर ५ सेकंदांनी नोंदवायची आणि २० मिनिटांतला सर्वांत मोठा झोल धरायचा. एका उपायाचे किमान तीन संच घेतल्याशिवाय आकडा मान्य करायचा नाही, कारण वारा मध्येच २ नॉटने पडला तरी उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

मुलाबाळांसह बेटाच्या आडोशाला रात्र काढायची तर हा प्रश्न फक्त झोपेचा राहत नाही. होडी मागे सरकते, नाळ (होडीचं पुढचं टोक) एका बाजूला पडते, होडी आडवी होऊन पुढे धावते, दोर ताणला की हिसका बसतो, नाळ वाऱ्यातून पलीकडे वळते आणि तोच खेळ उलट्या बाजूने सुरू होतो. दर फेरीत वाऱ्याला होडीची सबंध कूस मिळते, म्हणजे दोरावरचा भार वाढतो. शिवाय ओढीची दिशा सतत बदलते आणि नांगराचा दांडा खुंटा हलवून सैल करावा तसा वाळूत हलत राहतो. सरळ उभ्या होडीला जो नांगर रात्रभर पुरतो, तोच अशा होडीला पहाटे दगा देतो.

भिरभिरण्याचं मूळ जागेच्या हिशेबात आहे. डोलकाठी पुढे आणि गुंडाळलेलं जिब थेट नाळेवर, त्यामुळे वाऱ्याचा दाब पुढच्या भागावर. पाण्याखाली बोर्ड वर ओढलेला आणि सुकाणू खाली, म्हणून पाण्याची पकड मागच्या भागात. वारा पुढे ढकलतो, पाणी मागे धरून ठेवतं, मग नाळ वाऱ्यात टिकणार कशी? म्हणजे वाटा दोनच: पाण्याची पकड पुढे आणा, किंवा वाऱ्याचा दाब मागे न्या.

पहिली वाट फुकटची आहे, आणि तिनेच सर्वांत जास्त दिलं. बोर्ड पूर्ण खाली सोडला, सुकाणूचं पान वर उचललं, आणि ५० चे ३० झाले. अर्धवट सोडलेल्या बोर्डाने मात्र ४२ च्या खाली जाऊ दिलं नाही. बोर्ड पुढच्या खिळीवर फिरतो, त्यामुळे अर्धा असताना त्याचा भाग मागे कललेला राहतो. पकड पुढे येते ती तो पूर्ण उभा झाल्यावरच. आधीच्या नोंदीत ‘बोर्डाने फारसा फरक पडत नाही’ असं लिहिलं होतं ते चूक, तेव्हा बोर्ड दोन तृतीयांशच सोडलेला होता.

याला दोन अटी आहेत. ऐन ओहोटीला बोर्डाखाली पाणी हवं: बोर्ड पूर्ण खाली असताना होडीला लागणारी खोली १.३ मीटर, लाटेचे ०.३, वर हात राखून आणखी ०.५, म्हणजे २.१ मीटरपेक्षा कमी पाणी होणार असेल तर बोर्ड वरच ठेवायचा. दुसरी अट प्रवाहाची. भरती-ओहोटी पालटली आणि प्रवाह वाऱ्याविरुद्ध आला की होडी स्वतःच्या दोरावर चढते आणि दोर बोर्डाला गुंडाळला जातो. तिथे दोरावरून रिंगमध्ये घसरवत सोडलेलं ४ किलोचं वजन कामी येतं, सैल दोर ते खाली दाबून ठेवतं. या वजनाकडून जोरदार वाऱ्यात काही अपेक्षा ठेवू नये. दोर ताठ झाला की त्याची झोळ उरतच नाही, आणि तेवढ्याच किलोंचा मोठा नांगर कधीही चांगला.

दोर बुडणारा हवा हे ओघाने आलंच. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. दुकानात दोन्ही ‘नायलॉन’ म्हणूनच पुढे येतात. विकत घेण्याआधी वीतभर तुकडा बादलीत टाकावा आणि तो वर राहिला तर दुकान बदलावं. जो विक्रेता तुकडा कापून द्यायला कुरकुरतो त्याच्याकडून नांगराचा दोर घेऊ नये असं आमचं ठाम मत झालं आहे.

बोर्ड खाली सोडल्यावर नवंच दुखणं निघालं: ठक, ठक, ठक. बोर्ड आणि त्याच्या पेटीत दोन्ही बाजूंना ७-८ मिलिमीटर फट आहे, आणि लाटेगणिक बोर्ड पेटीच्या भिंतीवर आपटतो. केबिनमध्ये झोपलेल्याच्या कानापासून ही पेटी हातभर अंतरावर. आधी रबराच्या पट्ट्या घातल्या. ठकठक थांबली, पण ओल्या रबराची किरकिर सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्या निम्म्या बाहेर आल्या. शेवटी भाजी कापायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटातून दोन पाचरी कापल्या: लांबी १५० मिलिमीटर, वर जाडी १०, खाली ४, कडा पॉलिश पेपरने गोल केलेल्या. पेटीच्या वरच्या फटीतून दोन्ही बाजूंना एकेक, तळव्याने दाबून बसतील इतक्याच. हातोडी लावायची नाही, नाहीतर सकाळी बोर्ड वर येत नाही. प्रत्येक पाचरीला भोक पाडून दोरी बांधली आहे, म्हणजे ती पेटीत पडून हरवत नाही. त्या शांततेचं सुख ज्यांनी ठकठक ऐकली आहे त्यांनाच कळेल. आता फक्त पाण्याची चुळबुळ ऐकू येते.

आता दुसरी वाट, रायडिंग सेल, म्हणजे वाऱ्याचा दाब मागे नेण्यासाठी होडीच्या मागच्या भागात चढवलेलं छोटं शीड. पहिली आवृत्ती जुन्या जेनोआच्या (मोठ्या जिबच्या) मागच्या, कमी जीर्ण भागातून कापली: बॅकस्टेवर (डोलकाठीच्या टोकापासून मागे बांधलेल्या तारेवर) चढणारी बाजू १.५ मीटर, तळ १.२ मीटर, म्हणजे ०.९ चौरस मीटर. अजिबात पोट न ठेवता सपाट. कोपऱ्यांना तीन-तीन थर, उन्हात टिकणारा पॉलिस्टर दोरा, झिगझॅग टाका, बॅकस्टेवर चार हँक (अडकवायच्या कड्या) आणि क्लूची, म्हणजे शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याची, दोरी पुढे डोलकाठीच्या पायथ्याला. २० नॉट वारा एवढ्या कापडावर पूर्ण आडवा लागला तरी जोर भरतो ६-७ किलो. ऐकायला कमी वाटतो, पण तो नाळेपासून साडेपाच मीटर मागे लागतो, आणि ३० नॉटला तोच सव्वादोन पट होतो.

बोर्ड खाली आणि हे शीड वर, असे दोन्ही मिळून २२ अंश. आकडा समाधानाचा, पण रात्र नाही. होडी बरोबर वाऱ्यात आली की सपाट कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखाच वारा, म्हणून ते फडफडतं. ती फडफड बॅकस्टेमधून कवचात उतरते आणि केबिनचा ढोल होतो. क्लूची दोरी मध्यरेषेपासून १०-१२ अंश बाजूला बांधली की होडी एक गाल वाऱ्याला देऊन उभी राहते आणि फडफड थांबते. सम वाऱ्यात हा तोडगा उत्तम, १८ पर्यंत उतरला. झोताच्या वाऱ्यात मात्र होडी पलीकडच्या बाजूला पडते आणि परत यायला वेळ लावते.

म्हणून दुसरी आवृत्ती: पुढची कड एकच आणि तिथून मागे उघडणारी दोन पानं, वरून पाहिलं तर व्ही अक्षर, टोक वाऱ्याकडे. दोन्ही पानांच्या बाहेरच्या अंगाला कायम वारा असतो, म्हणून फडफडायला जागा नाही. होडी जराशी वळली की त्या बाजूच्या पानावर जोर वाढतो आणि शेपूट जागेवर येते. शिवायच्या आधी ताडपत्रीचा नमुना केला: मेन हॅलयार्डवर (मोठं शीड वर चढवायच्या दोरावर) टांगलेला, टोक बूमच्या (त्या शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याच्या) दोन तृतीयांशावर, दोन्ही क्लू मागच्या कोपऱ्यांतल्या क्लीटना (दोर अडकवायच्या खुंट्यांना), पानांमध्ये सुमारे ४० अंश. सुरुवातीला सांगितलेले १५ ते याचे, बोर्ड पूर्ण खाली आणि सुकाणू वर ठेवून. हॅलयार्डवर जोर आला तरी बूम वर उचलला जाऊ नये म्हणून मेनशीट, म्हणजे बूम खाली ओढून धरणारी दोरी, ताठ करून ठेवावी लागते.

हाच नमुना डॅक्रॉन या शिडाच्या कापडात शिवायचा, असं ठरवून ही नोंद लिहायला घेतली होती. पण मापं मांडताना एक अडचण उघडी पडली. क्लूच्या दोन दोऱ्या कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी तिरक्या जातात, आणि मुलं शिडीवरून डिंगीत (सोबतच्या छोट्या होडीत) उतरतात ती नेमकी तिथून. अंधारात छातीच्या उंचीवर ताठ दोरी नको. त्यामुळे बेत बदलला: बॅकस्टेवर, बसलेल्याच्या डोक्यावरून जाईल अशा उंचीवर, २५ मिलिमीटर व्यासाची १.२ मीटर लांब ॲल्युमिनियमची नळी आडवी बांधायची आणि दोन्ही क्लू तिच्या टोकांना. सगळं शीड डोक्यावर जातं, खाली कॉकपिट मोकळं. नळी फिरू नये म्हणून तिच्या दोन टोकांपासून मागच्या कोपऱ्यांना बारीक दोऱ्या लागतील, पण त्या मागच्या कठड्याला लागून खाली जातात, वाटेत येत नाहीत. तळ उंच झाल्याने क्षेत्रफळ प्रत्येक पानाला ०.६ चौरस मीटरवर येतं. ते पुरेल का, हे पुढच्या मोजणीत.

ते न पुरल्यास हाताशी आणखी एक जुनी युक्ती आहे: दुसरा, छोटा नांगर नाळेवरून सरळ खाली, खोलीच्या दीडपट-दुप्पट दोरावर. तो धरून ठेवण्यासाठी नसतोच. नाळ बाजूला धावू लागली की वाळूत फरफटत तिला ब्रेक लावतो. ४ किलोचा डॅनफोर्थ (सपाट पात्यांचा नांगर) यासाठी पुरतो. मात्र फक्त वाळूत किंवा चिखलात. प्रवाळ किंवा समुद्री गवत असेल तिथे हा फरफटणारा नांगर टाकूच नये, त्याने तळाची नासधूस होते. आणि वारा सबंध फिरला तर दोन दोरांची वेणी पडते, म्हणून छोट्याचा दोर सोडायला सोपा असा क्लीटवर, गाठ न मारता.

मुख्य नांगर ६ किलोचा, पाठीवर कमान असलेला, त्याला ६ मिलिमीटरची १० मीटर साखळी आणि पुढे १२ मिलिमीटर नायलॉन. शेतातल्या नांगराच्या फाळासारखा दिसणारा जुना सीक्यूआर घेऊ का, असं काहींनी विचारलं होतं. जी. आय. टेलर या प्रवाहशास्त्राच्या मोठ्या अभ्यासकाने तो १९३३ साली बनवला, आणि मऊ तळात तो आजही सन्मानाने वागतो. पण कठीण वाळूत तो आडवा पडून घसरत राहतो, आणि इतक्या हलक्या वजनात त्याला रुतायला जोर मिळत नाही. २० फुटीसाठी कमानीचा घ्यावा.

दोराचा हिशेब अजूनही अनेक जण ओहोटीच्या पाण्यावर करतात, म्हणून पुन्हा मांडतो. ओहोटीला खोली ३ मीटर, भरती २.४ मीटर चढणार, नाळ पाण्यापासून ०.८ वर: एकूण ६.२. पाचपट म्हणजे ३१ मीटर, वारा वाढणार असेल तर सातपट, सुमारे ४३. फक्त ३ मीटर धरून १५ मीटर सोडला तर ऐन भरतीत उरतात अडीचपटही नाहीत. भरती चढते तीही सम नाही, सहा तासांत एक, दोन, तीन, तीन, दोन, एक बारांश: इथे ०.२, ०.४, ०.६, ०.६, ०.४, ०.२ मीटर. मधल्या दोन तासांत निम्मी भरती चढते, तेव्हा दोरावर नजर हवी. दोराला दर ५ मीटरवर रंगीत धाग्याची खूण शिवली आहे. नाळेवर लाइफ जॅकेट घालून बसलेलं मूल रंग ओरडून सांगतं आणि सुकाणूवरच्याला मागे वळून पाहावं लागत नाही.

नांगर रुतवताना आउटबोर्डचं टिल्ट लॉक लावल्याशिवाय रिव्हर्स द्यायचा नाही, नाहीतर इंजिन पाण्याबाहेर उसळतं. तिप्पट दोरावर हलकी ओढ, मग पूर्ण दोर, मग हळूहळू दोन तृतीयांश थ्रॉटलपर्यंत ३० सेकंद. तेव्हा नाळेपुढच्या दोरावर तळवा ठेवावा. नांगर धरलेला असेल तर दोर नुसता ताठ लागतो. घसरत असेल तर खडबडीत रस्त्यावरून गाडी जावी तशी थरथर हाताला येते, किनाऱ्यावरच्या दोन खुणा सरकायच्याही आधी. एवढ्याशा इंजिनाची रिव्हर्स ओढ ३० नॉटच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही, म्हणून वारा वाढल्यावर तळवा पुन्हा लावायचा.

फर्लरबद्दल थोडं. मुक्काम दोन रात्रींचा असेल तर गुंडाळलेलं जिब उतरवून पिशवीत घालायला १५ मिनिटं लागतात. नाळेवरचा तेवढा वारा नाहीसा होतो. याचा वेगळा आकडा अजून घेतलेला नाही, पुढच्या फेरीत तो पहिला.

बाकी किरकोळ. नांगराचा दिवा एलईडी, ०.२ अँपिअर, ११ तासांचे २.२ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीला जाणवतही नाही. सागरी टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ७ मीटरखालच्या होड्यांना अरुंद वाटेत, येण्याजाण्याच्या मार्गात किंवा नेहमीच्या नांगरवाड्यात किंवा त्यांच्या जवळ नसतील तर हा दिवा माफ आहे. मुलं आत झोपलेली असताना ती माफी घेऊ नये. नाळेवरच्या रोलरपाशी दोरावर रबरी पाइपऐवजी विणलेली पोकळ पट्टी चढवली: ताण-सैल होताना नायलॉन आतून तापतं, पट्टीतून पाणी झिरपून ते थंड राहतं, पाइपात उष्णता कोंडते.

पुढचा क्रम: नळी कापणे, पानं शिवणे, आणि भांगाच्या भरतीत, प्रवाह कमी असताना, मोजणीचे तीन संच. त्यानंतर तेच उधाणाला. खारा वारा पडून मतलई सुरू होतो त्या मधल्या तासात शीड काय करतं, ते वेगळं नोंदवायचं आहे, कारण होडी दोरावर चढते ती त्याच वेळी.