मे महिन्यात सोलापूरला सिगार नेले, त्याची गोष्ट आणि नेणाऱ्यांसाठी चार सूचना

माझ्या धाकट्या मामांची पंचाहत्तरी मे महिन्यात होती. मामेभाऊ दुबईहून येताना निकाराग्वाच्या दहा सिगारांचा एक खोका घेऊन आला होता. तो महिनाभर माझ्याकडे ठाण्यात होता. वाढदिवसाच्या संध्याकाळी गच्चीवर मामांसोबत एकेक ओढायचा, एवढाच बेत. मामा वर्षातून एकदाच सिगार ओढतात, म्हणून तो नीट पेटावा असं मला फार वाटत होतं. पहिल्या दिवशी तीन सिगार वाया गेले. का गेले हे पुढच्या दोन दिवसांत कळलं. उन्हाळ्यात कोकणपट्टीतून घाटावर, विशेषतः सोलापूर, विजापूर, कलबुर्गीकडे सिगार नेणाऱ्यांना ते उपयोगी पडेल.

आम्ही पहाटे पाचला ठाण्याहून गाडीने निघालो. सिगार लाकडी ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगार ओलसर ठेवायच्या पेटीत, आत ओला स्पंज, झाकणावर काट्याचा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल टक्क्यांत दाखवणारं यंत्र. काटा सत्तरवर होता, म्हणजे पुस्तकात सांगतात तसा. पेटी डिकीत कपड्यांच्या बॅगेवर ठेवली. भिगवणला मासे खायला थांबलो, गाडी दीड तास उन्हात होती. उजनीचं पाणी बरंच मागे गेलेलं दिसलं. पुढे टेंभुर्णी आली. ज्या झाडाच्या पानात विडी वळतात, तेच हे नाव. त्या वेळी ते नुसतं डोळ्यांखालून गेलं.

तीनच्या सुमारास सोलापूरला पोचलो. पारा ४२ वर. मामांच्या घरी पाहुण्यांच्या खोलीत डेझर्ट कूलर चालू होता. सगळ्यात गार खोली तीच, म्हणून मी पेटी तिथेच ठेवली, आणि वास बसू नये म्हणून झाकण किलकिलं केलं. आता सांगतो, एवढ्या एका गोष्टीने उरलंसुरलं काम बिघडलं.

वाढदिवसाला अजून दोन दिवस होते, पण त्याच संध्याकाळी सातला गच्चीवर तिघांनी तीन सिगार पेटवले. पश्चिमेचा वारा होता. माझा दहा मिनिटांत एका बाजूने होडीसारखा जळत गेला. दुसरी बाजू तशीच काळी, न पेटलेली, वर तोंड करून राहिली. भावाचा आतून पोखरत गेला. वरचं पान शाबूत, मधे भोक, आणि धूर कडवट. मामांच्या सिगारचं वरचं पान बँडच्या, म्हणजे सिगारभोवतीच्या कागदी पट्टीच्या, खालून तडकलं आणि फुलासारखं उलगडत गेलं. मामांनी तो हळूच राखदाणीत ठेवला आणि म्हणाले, "असू दे रे, वास छान होता." मला फार वाईट वाटलं.

रात्री जेवताना मामांनीच विषय काढला. त्यांनी एकतीस वर्षं गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, काढली. गिरणी कधीच बंद झाली, पण हवेतल्या ओलीबद्दल त्यांच्याइतकं जाणणारा माणूस आमच्या घरात दुसरा नाही. सुती धागा कोरडा पडला की तुटतो, साचा थांबतो, कामगाराचं उत्पन्न बुडतं. म्हणून साचेखात्यात पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा दमट ठेवत आणि भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी लावलेले असत. एकाच्या पाऱ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, दुसरा कोरडा. दोघांतला फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. "तुझा काटा मला नको सांगू," मामा म्हणाले. "काटा खरा आहे का ते आधी बघ. आणि हवेची ओल वेगळी, सुताच्या पोटातली ओल वेगळी."

काटा तपासायची मिठाची रीत मला माहीत होती, पण मी कधी केली नव्हती. त्या रात्री केली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ते ओलसर करायचं, पातळ करायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत ठेवून आठ ते बारा तास हलवायचं नाही. मिठाच्या संपृक्त पाण्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा निसर्गाचा ठरलेला आकडा आहे. सकाळी माझा काटा ६८ दाखवत होता. म्हणजे सात कमी. ठाण्यात जे मी सत्तर समजत होतो ते खरं तर सत्त्याहत्तर होतं, आणि महिनाभर माझे सिगार ओलावत बसले होते.

आता चित्र जुळलं. सिगारला तीन भाग असतात: पोटातली लांब पानं, त्यांना धरून ठेवणारं बांधणीचं पान, आणि वरचं दिसणारं पातळ पान. पोट ओलं होऊन बसलं होतं. डिकीतल्या उष्णतेत आणि कोरड्या हवेत वरचं पान आधी सुकलं, कारण पातळ पान ओल पटकन सोडतं. ओलं पोट हळू जळतं आणि धड पेट घेत नाही. सुकलेलं पान भराभर पळतं. त्यात वारा एका बाजूने. मग कूलरसमोर तेच सुकलेलं पान तासाभरात पुन्हा ओल पिऊन ताणलं गेलं आणि तडकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी पूर्व भागात एका ओळखीच्या मावशींना जेवणाचं आमंत्रण द्यायला निघाल्या, मीही गेलो. मावशी पंधरा-सोळाव्या वर्षापासून विड्या वळतात. उंबऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा. शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं. आदल्या रात्री भिजवून, निथळून, गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत ओल सगळ्या पानांत सारखी मुरते. पत्र्याचं माप ठेवून कात्री फिरवली की पान तयार. मग चिमटीभर तंबाखू, एक वळण, टोक नखाने आत दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे. बोलता बोलता त्यांच्या हातातून विडी पडत होती आणि पंचवीसची जुडी होत होती. खोकलाही अधूनमधून येत होता. तंबाखूची ती धूळ त्यांच्या नाकातोंडात रोज जाते आणि मजुरी हजार विड्यांमागे मिळते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर हौसेच्या सिगारबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

मी खिशातला एक सिगार दाखवला. त्यांनी तो कानाशी नेला, दोन बोटांत हलकेच दाबला, मग टोकाकडून बुडाकडे बोटं सरकवत आणली. "वर कुरकुर वाजतंय, आत मऊ लागतंय. पान ओलं पाहिजे, पाणी नको. आणि घाई केली की फाटतंय." सिगार त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला होता, पण पान त्यांच्या रोजच्या हातातलं होतं. निकाराग्वा आणि क्युबातल्या कारखान्यांतही वरचं पान वळण्याआधी ओलसर करतात आणि वळलेले सिगार स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाच्या कपाटांच्या खोलीत ठेवून आतली-बाहेरची ओल सारखी होऊ देतात. मावशी गोणपाटात करतात तेच हे.

घरी येऊन मी स्पंज फेकला. खोक्यासोबत आलेली ६५ टक्क्यांची आर्द्रतेची दोन पाकिटं मी उघडलीच नव्हती. ही पाकिटं मिठाच्या द्रावणाची असतात, ओल जास्त झाली तर शोषतात आणि कमी झाली तर देतात. स्पंज फक्त देतो. मामींचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, त्यात उरलेले सात सिगार आणि ती पाकिटं ठेवली, आणि डबा कूलरच्या खोलीतून काढून जुन्या माळवदाच्या माजघरात धान्याच्या कोठीशेजारी ठेवला. जाड भिंती, दिवसभर एकसारखी हवा. डबा उघडायचा नाही असं ठरलं. त्याच संध्याकाळी एक काढून पाहिला. थोडा वाकडा जळला, पण सावरता आला.

सावरायचं कसं, ते सांगतो. जी बाजू मागे राहिली आहे ती खाली करून धरायची. निखाऱ्याला हवा खालून मिळते, म्हणून खालची बाजू जास्त जळते आणि रेषा हळूहळू सरळ होते. तेवढ्याने झालं नाही तर मागे राहिलेल्या भागाला लायटरची ज्योत दुरून, न टेकवता, दोन-तीन सेकंद दाखवायची. भराभर झुरके मारून रेषा सरळ होत नाही, उलट सिगार तापून कडवट होतो. मिनिटाला एक झुरका पुरे. मुळात पेटवतानाच बुडाची सगळी कड गोल फिरवत शेकून घेतली तर निम्मं काम होतं. ब्यूटेनचा लायटर किंवा लांब काडी घ्यावी, पेट्रोलच्या लायटरचा वास पानात बसतो. वाऱ्यात तर हे काहीच चालत नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी कठड्याच्या आडोशाला, वारा पडल्यावर साडेआठला बसलो. वरचं पान थोडं तडकलं असेल तर कागदी बँड हळूच सरकवून तडकेवर आणता येतो. मामांच्या वेळी हे सुचलं नाही.

निघण्याआधी करायची कामं घरीच करावीत. काटा मिठावर तपासावा. मुंबई-ठाण्यात पावसाळ्याच्या तोंडाशी ६९ किंवा ७२ ऐवजी ६५ चं पाकीट वापरावं आणि सिगार निदान दोन आठवडे त्यात राहू द्यावेत, कारण पोटातली ओल घाईने बदलत नाही. पार वाळलेले सिगारही एकदम ओलसर हवेत ठेवू नयेत, आधी ६२ च्या पाकिटात, मग ६५ च्या, असं आठवड्या-आठवड्याने चढवावं. प्रवासात लाकडी पेटी नको, हवाबंद डबा हवा, आणि तो गाडीच्या आत, थंड पाण्याच्या बाटल्यांच्या इन्शुलेटेड बॅगेत, पण बर्फाशिवाय. हवा २४-२५ अंशांच्या वर आणि ओलही जास्त असली की तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. तसं दिसलं तर सिगार हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावेत. एकदम फ्रीझरमधून बाहेर काढले तर तडकतात.

परतताना सोलापूरहून सगळे शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतात, घ्यावीच. पण सिगारचा डबा त्या पिशवीत ठेवू नका. तंबाखू वास ओढून घेते आणि लसणाचा वास मग जात नाही.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००८ पासून देशभर बंदी आहे. सिद्धेश्वर तलावाचा काठ किंवा भुईकोट किल्ल्याची बाग संध्याकाळी मोह पाडते, पण तिथे सिगार काढू नये. रेल्वेतही नाही. आणि धूर छातीत घेतला नाही म्हणून सिगार निरुपद्रवी होत नाही, तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यालाही आहे. घरातली मुलं गच्चीवर येणार नाहीत हे आम्ही मामींना आधी सांगितलं होतं आणि पाळलं.

तिसऱ्या दिवशी, वाढदिवसाच्या रात्री, दोन सिगार काढले. एक मामांचा, एक आम्हा भावांत मिळून. मामांनी तो मावशींसारखा कानाशी नेऊन दाबला आणि हसले. शेकून पेटवला, पहिली राख दीड इंच टिकली आणि रेषा जवळजवळ सरळ गेली. एकदाच किंचित कलली तेव्हा मामांनी स्वतःच सिगार फिरवून धरला. तासभर गिरणीच्या भोंग्याच्या, पाळीच्या, मिल बंद झाली त्या वर्षाच्या गोष्टी चालल्या.

उरलेल्या चारांतले दोन स्टीलच्या डब्यासकट मामांकडेच ठेवले, एका पाकिटासह, आणि तपासलेला हायग्रोमीटरही दिला. काट्यात सात मिळवायचे, हे झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं. परवा फोन केला तेव्हा त्यांनी आधी प्रकृती सांगितली, मग आकडा: "सत्तावन्न दाखवतोय, म्हणजे चौसष्ट."