ठाकूरद्वारचं वळण

"मेट्रोनेच जाऊया," आई म्हणाली. "आपल्या घराखालून जाते म्हणतात."

घर म्हणजे गिरगावातलं. डोंबिवलीला येऊन आम्हाला १९ वर्षं झाली, तरी आई 'घरी' म्हणते ते गिरगावालाच. डोंबिवलीला ती 'डोंबिवली' म्हणते. लग्न होऊन १९७४ साली ती ठाकूरद्वारच्या चाळीत आली आणि २००६ साली चाळ रिकामी करून द्यावी लागली तेव्हा निघाली. आता तिचे गुडघे स्टेशनांचे पूल चढू देत नाहीत, त्यामुळे चार वर्षांत तिकडे जाणंच झालं नव्हतं. ९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत धावू लागली, गिरगावात स्थानक झालं, लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, हे तिने पेपरात वाचलं आणि ती मागेच लागली. मार्गशीर्षातला गुरुवार तिनेच ठरवला. म्हणाली, वहिनींकडे, म्हणजे चाळीतल्या शेजारच्या काकूंकडे, घट बसलेला असेल, तेवढंच दर्शन होईल.

सकाळची गर्दी ओसरल्यावरची जलद लोकल पकडली. सीएसएमटीला उतरून जमिनीखाली गेलो. पूर्वी आम्ही इथून काळबादेवीच्या रस्त्याने चालत घरी जायचो, हातगाड्या चुकवत, अर्धा तास. आता मध्ये फक्त काळबादेवी, की पुढचं गिरगाव. गाडी सुटली तशी आई डब्याच्या छताकडे बघायला लागली. मला वाटलं, एसीचा वारा लागतोय.

"आत्ता वर दादीशेठ अग्यारी लेन असेल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हा चिराबाजार. मासळीवाल्या बसतात ना, त्याच्या खालून चाललोय आपण." बोगद्याची काळी भिंत पळत होती आणि आई वरचा रस्ता पाठ म्हणून दाखवत होती. एकही दुकान तिने चुकवलं नसणार, याची मला खात्री आहे.

वर आलो आणि आई हरवली.

दुसरा शब्द नाही याला. जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर, ज्या रस्त्याने ती रोज भाजी घेऊन यायची त्याच रस्त्यावर ती पिशवी छातीशी धरून उभी राहिली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चर्नी रोडची बाजू कुठली हेच तिला उमगेना. मेट्रोसाठी या पट्ट्यातल्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या कुटुंबांना इथेच, गिरगाव-काळबादेवीतच घरं द्यायची असं ठरलंय. पण इमारती गेल्या तशा खुणाही गेल्या. समोर पत्रे, पत्र्यांवर क्रेन, आणि त्यामागे एवढं आकाश, जेवढं गिरगावात कधी नव्हतंच.

"ठाकूरद्वार नाका कुठे हो?" आईने एका फुलवाल्याला विचारलं.

"हे काय आजी, पुढे सिग्नल दिसतो ना, तोच."

तिने मान डोलावली, पण तिचा चेहरा उतरला होता. ठाकूरद्वार नाका कुठे, हे विचारायची वेळ तिच्यावर आली होती.

गिरगावात कुणी घराचा नंबर सांगत नसे. अमुक वाडी, दुसरा दादर म्हणजे जिना, नळाजवळची खोली, हा पत्ता. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबावाडी. या नावांत अजून बागा आहेत, गोठे आहेत. माणसं दाटीने राहायला लागली तरी नावं हलली नाहीत. पोस्टमन या नावांवर चालायचा, गणपतीची वर्गणीही या नावांवर गोळा व्हायची. नव्या इमारतींच्या पाट्यांवर 'हाइट्स' आणि 'रेसिडेन्सी' आहे. वाडीचं नाव पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत गेलं आहे, आणि पुढच्या पिढीला ती ओळ लिहायची गरजही पडणार नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. भिंती जुन्या झाल्या की जातात. नाव जाऊ द्यायचं काही कारण नव्हतं.

भिंतींचं मात्र खरं बोलायला हवं. आमच्या खोलीचं भाडं शेवटपर्यंत महिना ५० रुपयांच्या आत होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली ती गोठलीच. आजोबांनी पागडी भरून खोली घेतली, पुढे दोन पिढ्या त्याच भाड्यावर राहिल्या. एवढ्या पैशांत मालक कौलं कुठून बदलणार आणि वासे कुठून? बाबांना हे कळायचं, म्हणून मालकाला ते कधी शिव्या देत नसत. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं. चाळी उपकरप्राप्त झाल्या, म्हणजे दुरुस्तीसाठी त्यांच्यावर जादा कर बसला, त्या उपकराच्या पैशांतून टेकू लागले, प्लास्टर चढलं. आमच्या गॅलरीला लाकडी टेकू लागले तेव्हा मी चौथीत होते. दहावी झाले तरी ते टेकू तिथेच होते, आम्ही त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायचो. मग एका पावसाळ्यात गॅलरीचा कोपरा खाली आला. रात्रीची वेळ होती म्हणून कुणी सापडलं नाही. त्यानंतर बिल्डरच्या कागदावर सह्या करायला कुणी वेळ लावला नाही.

दोन वर्षांत नवी इमारत मिळणार होती. १३ वर्षं लागली. पहिली तीन वर्षं भाड्याचे पैसे आले, मग थांबले. बाबा दर महिन्याला डोंबिवलीहून गिरगावात येऊन खड्डा बघून जायचे. "पाणी साचलंय," एवढंच सांगायचे. २०१३ साली ते गेले. किल्ल्या २०१९ ला मिळाल्या.

आईला जरा बसवावं म्हणून आम्ही 'विनय'मध्ये गेलो. मी मिसळ मागवली, आईचा गुरुवार, तिने पियुष. बाबा तिला इथेच पियुष पाजायचे. केळेवाडीत साहित्य संघात नाटक बघायचं, मध्यंतरात वडा नको म्हणायचं, म्हणजे सुटल्यावर इथे यायला पोटात जागा राहते. पेला तोच, वरचा जायफळाचा वासही तोच. आई सावकाश प्यायली आणि उठताना म्हणाली, "आता कळलं बघ मला सगळं. चल." तिथून पुढे तिने कुणालाच रस्ता विचारला नाही.

खोताच्या वाडीत ती जास्त रेंगाळली नाही. लाकडी जिने आणि नक्षीच्या कठड्यांची ती ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची घरं; एकेकाळी पासष्ट होती, आता तिशीच्या आत आहेत. अनंताश्रमाच्या जागेकडे तिने नुसतं बघितलं. तिथलं तिखलं खायला बाबा रविवारी रांगेत उभे राहायचे, ते कधीच बंद झालं. मॅजेस्टिक तर माझ्या जन्माआधीच गेलं. १४ मार्च १९३१ ला आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' लागला तो त्या थिएटरात, आणि आता त्या नावाचं शॉपिंग सेंटर तेवढं आहे. केशवजी नाईक चाळीपाशी मात्र आई थांबली. १८९३ पासून इथे सार्वजनिक गणपती बसतो, मुंबईतला पहिला. मूर्ती अजून लहानच असते. चाळ उभी आहे, गॅलऱ्या आहेत, एका कठड्यावर गोधडी वाळत होती. आई त्या गोधडीकडे बराच वेळ बघत होती. टाके कसे घातलेत ते बघते म्हणाली.

आमच्या चाळीचा जिना मला अजून पायांना आठवतो. शिडीसारखा उभा, पायऱ्या मध्यभागी खोलगट झिजलेल्या, आणि आधाराला वरच्या तुळईपासून खालपर्यंत सोडलेला एक जाड दोर. गाठी मारलेला. हातांच्या तेलाने तो काळा, गुळगुळीत झाला होता, चामड्यासारखा. नवी सून आली की तिला आधी तो दोर धरायला शिकवायचे: डाव्या हाताने पदर, उजव्या हाताने दोर. कळशी असेल तर पदर दातांत. आई आजही कुठलाही जिना उतरताना उजवा हात जरा पुढे, हवेत नेते. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावरही तिने नेला, आणि मग खाली आणून रबरी पट्ट्यावर ठेवला.

आणि कठडा. चाळीत कुणाला दारातून निरोप देत नसत. पाहुणा जिना उतरला की घरातले गॅलरीत कठड्यापाशी यायचे. तो चौकातून जाईपर्यंत बघायचे. वाडीच्या तोंडाशी पोचला की तो मागे वळून हात करायचा, वरून हात हलायचे, आणि तो ठाकूरद्वारच्या वळणावर दिसेनासा झाला की मगच सगळे आत. बाबा ऑफिसला जाताना हे रोज चाले, सणासुदीला नव्हे, रोज. आमटी उतू गेली तरी आई वळणापर्यंत थांबायची.

नव्या इमारतीला दोन फाटकं आहेत. मोठ्या रस्त्याकडचं विक्रीच्या घरांसाठी, गल्लीकडचं आमच्यासाठी. 'आमच्यासाठी' असं मी चुकून लिहिलं. आमची खोली आता आमची नाही. सातव्या मजल्यावर ३०० चौरस फुटांचं, स्वतःच्या नावाचं घर आम्हाला मिळालं, आणि २०२१ साली आम्ही ते विकलं. पन्नास रुपयांच्या जागी महिन्याचा देखभाल खर्च हजारांत गेला होता, आईच्या पेन्शनमध्ये तो बसत नव्हता, माझी नोकरी ठाण्याला. कारणं सगळी खरी आहेत. गिरगावातून मराठी माणूस हटला म्हणतात तेव्हा मी गप्प बसते, कारण त्या हटण्यात माझी एक सही आहे.

काकूंनी, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या काकूंनी, नाही विकलं. त्या अकराव्या मजल्यावर आहेत. लिफ्टमधून बाहेर आलो तर बंद दारांची एक लांब रांग, ट्यूबलाइट, फरशीला फिनेलचा वास. त्या रांगेत एकच दार उघडं होतं. ते लागू नये म्हणून उंबऱ्यापाशी एक वरवंटा आडवा ठेवला होता.

"पाटा ढिगाऱ्यात गेला," काकू म्हणाल्या, "वरवंटा तेवढा मी पिशवीत घालून नेला होता. संक्रमण शिबिरात घेऊन फिरले, इथेही आणला. आता वाटण मिक्सरमध्ये, हा दाराला. दार लावलं की मला माणसं ऐकू येत नाहीत गं."

चौरंगावर घट होता, पाच फळं, आंब्याचा डहाळा, कलशाला नथ. आईने रस्त्यावर घेतलेली वेणी वाहिली. दोघी बोलत बसल्या. ४२ बिऱ्हाडांपैकी आता किती, असं आईने विचारलं तेव्हा काकूंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, नावं घेत, मध्ये थांबून, आणि अकरावर आल्या.

मी म्हटलं, "काकू, चाळीची आठवण येत असेल."

"येते तर. पण अगं, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन गॅलरीच्या टोकाला जायचं, पावसात ती लाकडं निसरडी, आत बल्ब गेलेला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते झालं असतं का मला? आता चार पावलांवर संडास आहे. आठवण काढायची तर रांगेचीही काढ."

बरोबर होतं त्यांचं. त्यांच्यापुढे मी काय बोलणार? तरीही मनात येत राहिलं की संडास घरात द्यायचा तर कठडा काढून घ्यायलाच हवा होता, असं कुठे लिहिलं आहे? ज्यांनी हे नकाशे आखले त्यांनी खोल्या मोजल्या, चौरस फूट मोजले. दोन हात रुंद, रस्त्याकडे उघडी असलेली ती जागा कुठल्याच खोलीची नव्हती, म्हणून कुणाच्याच हिशोबात आली नाही. आमचं निम्मं जगणं तिथे चालायचं: अभ्यास, निवडण-टिपण, भांडणं, दिवाळीचे कंदील.

आई खिडकीपाशी गेली आणि तिथेच थांबली. "वहिनी, हा समुद्र?"

"हो. रोज असतो," काकू हसल्या.

चौपाटी घरापासून दहा मिनिटांवर. चाळीच्या गॅलरीतून ३२ वर्षांत समुद्र एकदाही दिसला नव्हता; समोर नेहमी समोरची चाळ. आई खिडकीच्या जाळीला कपाळ टेकून बघत राहिली. उन्हात पाणी पांढरं दिसत होतं.

निघताना काकू लिफ्टपर्यंत आल्या. दार बंद झालं. खाली आलो, गल्लीच्या फाटकातून बाहेर पडलो. काकूंची खिडकी मागे, समुद्राकडे. गल्लीकडे फक्त जिन्याच्या जाळ्या. आई चालत होती, माझा दंड धरून, हळू. फुलवाल्याच्या इथे आलो, जिथून रस्ता वळतो, तोच तिच्या पिशवीत फोन वाजला. काढेपर्यंत दोनदा वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"वळलात का?" काकूंचा आवाज मलाही ऐकू आला.

"आत्ताच वळतोय, वहिनी," आई म्हणाली. "तुम्ही जा आता आत."