काझाहून आलेला फोन

जानेवारीतली सकाळ, सव्वासात वाजले असतील. गॅरेजचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात सरांचा फोन आला. सर म्हणजे कऱ्हाडातलेच प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. हिमबिबट्या दिसतो का बघायला तिघा मित्रांना घेऊन हिमाचलातल्या स्पितीला गेले होते. हिवाळ्यात मनालीकडून कुंझुम खिंडीची वाट बंद असते, म्हणून किन्नौरकडून काझाला, स्पितीतल्या मुख्य गावी, पोचले होते. गाडी २००४ची क्वालिस, वर्षानुवर्षं माझ्याच हाताखाली असलेली.

"मिस्त्री, गाडी उचलत नाही. रात्री उणे बावीस होतं."

म्हटलं, "फोन बॉनेटपाशी धरा आणि एकदाच सेल्फ मारा. एकदाच."

घर्रर्र... घर्रर्र... आणि थांबलं.

थंडीत डिझेल गाडी अडली की मी आधी कान लावतो. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पकडत नाही, तर डिझेल नाहीतर हिटर प्लग, म्हणजे सुरू होताना इंजिन आतून तापवणारा प्लग, बघायचा. फिरतानाच कण्हत असेल, तर बॅटरी नाहीतर ऑईल. बॅटरी नवीन होती. मी सरांना डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, काढून उभी धरायला सांगितली. टोकाला थेंब जमतो का?

"थेंब कसला मिस्त्री, काकवीसारखं चिकटून बसलंय."

माझ्या पोटात गोळा आला. कारण ते ऑईल मीच भरलं होतं, २०डब्ल्यू-५०.

आमच्याकडे जुनं इंजिन म्हटलं की जाड ऑईल, हा नेम. झिजलेल्या रिंगा, ढिली झालेली बेअरिंगं, एप्रिलच्या उन्हात घाट चढताना खाली येणारं प्रेशर, या सगळ्यावर तो उतारा चालतोही. म्हणून गाडीचं रनिंग बघितलं आणि भरलं. गाडी कुठे निघालीय ते ठाऊक असूनही त्या अंगाने विचारच केला नाही. डब्यावरचा दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा असतो. पहिला, डब्ल्यूच्या आधीचा, गार इंजिनाचा. २०डब्ल्यूची सेल्फने फिरण्याची परीक्षा उणे १५ला घेतात आणि पंपाने ओढलं जाण्याची उणे २०ला. १५डब्ल्यूसाठी हेच आकडे उणे २० आणि उणे २५, आणि ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि उणे ३५. म्हणजे सरांच्या गाडीच्या चेंबरमधलं, इंजिनाच्या तळाशी साठलेलं ऑईल दोन्ही हद्दी ओलांडून बसलं होतं. वरून ते चार हजार किलोमीटर चाललेलं. अशा जुन्या डिझेल इंजिनात काजळी ऑईलमध्ये उतरत राहते आणि ऑईल आणखी दाट होतं.

तिकडे पाच-सहा जण जमले होते. धक्का मारू, कुणीतरी म्हणत होतं. दुसरा एक जण स्टार्टिंग स्प्रे घेऊन उभा. मी अक्षरशः ओरडलो. इंजिन असं जखडलेलं असताना गिअरमध्ये टाकून ढकललं, तर टायमिंग बेल्टचे दात सुटू शकतात. आणि तापलेल्या हिटर प्लगवर ईथर मारलं तर स्फोट होतो. सर, कुणालाही हात लावू देऊ नका.

बॅटरी काढून घरात बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीजवळ, ठेवायला लावली, कारण इतक्या थंडीत तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते. घरमालक स्वतः बोलेरो चालवणारा. त्याने लोखंडी पाटीत निखारे आणले. मला हे आवडत नाही, पण त्याची ती रोजची रीत होती आणि माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता. व्हिडिओ कॉलवर डिझेलची लाइन कुठून जाते ते दाखवलं, पाटी फक्त चेंबरखाली सरकवायला लावली, शेजारी वाळूची बादली आणि एक माणूस कायम. बॉनेटवर गोधडी. सगळं मिळून दीड तास. तोवर माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली.

आता इंजिन मोकळं फिरायला लागलं, पण पकडेना. मग लक्षात आलं, टाकीत डोंगर चढायच्या आधी खाली भरलेलं साधं डिझेल आहे. थंडीत त्यातलं मेण फिल्टरमध्ये साचतं. उंचीवरची विरळ हवा आधीच दाबाची उष्णता कमी करते, त्यात हे. गरम पाण्यात पिळलेले टॉवेल फिल्टरभोवती गुंडाळायला सांगितले, मग डिझेल ओढायचा छोटा हातपंप घट्ट लागेपर्यंत मारायला. "चालू झाली तर रेस करू नका. दहा सेकंदांत ऑईलचा लाल दिवा गेला नाही, तर लगेच बंद."

साडेअकराला ती धडधडली. सर मोठ्याने आकडे मोजत होते. सातला दिवा गेला. तोवर कामाची पोरं माझ्याभोवती गोळा झाली होती, कुणी काही बोललं नाही.

तिथल्या टॅक्सीवाल्या मिस्त्रीकडे सीआय-४ या डिझेल इंजिनाच्या दर्जाचं १५डब्ल्यू-४० होतं, ते बदलून घेतलं. तेही उणे बावीसला काठावरचंच. म्हणून पुढचे चार दिवस सर रोज संध्याकाळी गरम ऑईल कॅनमध्ये काढून बुखारीशेजारी ठेवायचे आणि सकाळी परत ओतायचे. चौसष्ट वर्षांचा माणूस, बर्फात गाडीखाली झोपून.

गाडी परत आल्यावर मी चेंबर उतरवला, बेअरिंगच्या कॅपा खोलल्या. बेअरिंगच्या दोन शेल्सवर, म्हणजे आतल्या वाट्यांवर, ओरखडे होते. सगळा सेट बदलला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. सरांनी बराच आग्रह केला. मग डिझेल इंजिनाच्या दर्जाचं ५डब्ल्यू-४० भरलं, गाडी कुंभार्ली घाटात चढवून तापवली आणि ऑईलच्या प्रेशरचा गेज लावला. काटा पूर्वीपेक्षा जरा खाली होता, पण मर्यादेच्या आत. जुन्या सीलमधून पाझरेल अशी भीती होती, म्हणून आठवडाभर खाली पुठ्ठा टाकून बघितलं. मागच्या सीलखाली रुपयाएवढा डाग पडला. ते सील तसंही बदलायला आलंच होतं.

सर पुढच्या जानेवारीत परत जाणार आहेत. या वेळी मलाही बरोबर यायला सांगितलंय.