बाबांचे चार फ्लॅट सांभाळायला माणूस ठेवला त्याचा माझा अनुभव

बाबा होते तोवर भाड्याचं सगळं तेच बघायचे. कोथरूडला दोन, वाकडला एक, खराडीला एक असे चार फ्लॅट, आणि हिशोब सगळा निळ्या डायरीत. ते गेल्यावर वर्षभर मी नोकरी करून ओढलं, पण खराडीचा गिझर बंद पडला म्हणून हाफ डे टाकून कोथरूडहून तिकडे जायचं आणि प्लंबर आलाच नाही म्हणून परत यायचं, असं तीनदा झाल्यावर ठरवलं की पगार देऊन माणूस ठेवायचा.

पहिला ओळखीतून आला, ब्रोकरचं काम करणारा. भाडं त्याच्या खात्यावर आणि मग माझ्याकडे, हे मी चालवून घेतलं, तिथेच चुकलं. वाकडचं 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, भाडेकरूने रिन्यूचे पैसे त्याला दिले, पण त्याने रजिस्टर केलंच नाही. पासपोर्टसाठी कागद लागला तेव्हा त्या मुलाने मला फोन केला म्हणून कळलं. वकिलांना विचारलं तर म्हणाले, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हे भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, रजिस्टर करायची जबाबदारी मालकाचीच, तीन महिने कैद किंवा 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या रात्री झोप नाही लागली.

दुसऱ्यांदा घाई नाही केली. सोसायटीचे हिशोब बघून रिटायर झालेले एक काका भेटले. त्यांना काही न सांगता कोथरूडच्या रिकाम्या फ्लॅटवर नेलं आणि म्हटलं बघा. त्यांनी सगळे नळ सोडले, बाथरूमची जाळी उचलून बघितली, मग खाली जाऊन मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला आणि विचारलं, "ताई, आधीच्या भाडेकरूने शेवटचं लाइट बिल भरलंय का?" मला माहीतच नव्हतं. 1,840 रुपये बाकी निघाले.

पगार महिन्याला फिक्स ठेवला, नवीन भाडेकरूमागे कमिशन नाही. आपल्याकडे ब्रोकर एक महिन्याचं भाडं घेतो, त्यामुळे भाडेकरू बदलला की त्याचा फायदा. मला भाडेकरू टिकवणारा माणूस हवा होता. भाडं आणि डिपॉझिट थेट माझ्या खात्यात, 2,000 पर्यंतची दुरुस्ती त्यांनी न विचारता करायची, त्यावर असेल तर आधी फोन आणि फोटो. हे सगळं साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

कुलमुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने व्यवहार आणि सह्या करायचा अधिकार, मात्र दिलं नाही. सोसायटी आणि महावितरणच्या कामापुरतं अधिकारपत्र दिलं, बास. अ‍ॅग्रीमेंटला अंगठा मीच देते, एजंट मशीन घेऊन घरी येतो, दहा मिनिटांचं काम आहे. स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के, शहरात रजिस्ट्रेशन फी 1,000. पोलीस व्हेरिफिकेशन काका ऑनलाइन भरतात आणि पावती मला पाठवतात, ती आल्याशिवाय चावी द्यायची नाही हे पक्कं ठरलंय.

पहिले तीन महिने एकच फ्लॅट दिला होता, मग एकेक करत चारही. प्रत्येक फ्लॅटवर मी स्वतः एकदा त्यांच्याबरोबर गेले, भाडेकरूंशी ओळख करून दिली, त्यामुळे आता नळ गळला तरी फोन त्यांनाच जातो. खराडीचे लोक दिवाळीनंतर सोडतायत, सध्या काकांचं पेंटरशी बोलणं चालू आहे.