मागच्या सीटचे खांदेपट्टे: आडवा पाइप वाकला, आता व्ही-ब्रेस

मंडळी, पाइप वाकला.

मी बांधतोय त्या दोन सीटच्या विमानाच्या खऱ्या फ्यूजलाजवरचा, म्हणजे धडाच्या सांगाड्यावरचा नव्हे. त्याच मापाचा दोन बेचा (बे म्हणजे आडव्या चौकटींमधला एक कप्पा) नमुना सांगाडा चाचणीसाठी वेल्ड करून घेतला होता, त्यावरचा. उद्यमनगरातल्या शेडमध्ये सांगाडा खांबाला जखडला, खांदेपट्ट्यांच्या जागी चेन पुली लावली आणि मध्ये ओढ मोजणारा एस टाइप लोड सेल. ४३१ किलोपर्यंत जायचं होतं. ३०० च्या आसपास आकडा अडखळला. साखळी ओढली जातेय पण ताण वाढत नाही, म्हणजे पाइपच पुढे येतोय. उजव्या वेल्डलगत प्रायमरला बारीक तिरक्या चिरा गेल्या, मग पापुद्रा सुटला. मिस्त्री म्हणाले, "सोडा आता, वाकला त्यो." फूटपट्टी लावून पाहिलं तर मध्यभागी कायमचा बाक.

पुढच्या सीटचं काम मागच्या वेळी लिहिलंच आहे, ते पक्कं झालंय. अडलंय ते मागच्या सीटशी. मूळ प्लॅनमध्ये तिचे खांदेपट्टे खाली, बॅगेज शेल्फच्या पाइपला बांधलेले आहेत. म्हणजे पट्टा खांद्यावरून सीटच्या पाठीमागे थेट खाली उतरतो. धडकेत धड पुढे जातं, पट्टा ताणतो आणि खांदे खाली खेचतो. तो सगळा दाब मणक्यावर जातो. पट्टा खांद्यापासून मागे आडवा किंवा ३० अंशांपर्यंत वर जायला हवा, असं एफएएच्या (अमेरिकेची विमान नियामक संस्था) एसी ४३.१३-२बी या मार्गदर्शक परिपत्रकात आकृतीसह दिलंय. प्लॅनच्या सुधारित पानावर म्हणून खांद्याच्या उंचीवर नवा आडवा पाइप आला: ७/८ इंच व्यासाचा, ०.०४९ इंच जाडीचा, ४१३० या क्रोम-मॉली स्टीलचा. कोन सुटला, पण त्या पाइपला मागून कसलाच आधार नाही. मला हेच खटकत होतं, म्हणून आधी नमुना केला.

४३१ चा हिशेब असा: माणूस ९० किलोचा, ९ जी (म्हणजे वजनाच्या नऊपट झटका), जोडांसाठी १.३३ चा गुणक, आणि एकूण भारातला ४० टक्के वाटा खांदेपट्ट्यांचा, उरलेला ६० टक्के लॅप बेल्टचा, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचा. आता पाइपचं गणित करा. दोन्ही टोकं वेल्डने पूर्ण जखडलेली धरली, तरी ६०० मिमीच्या पाइपच्या मध्यावर ४३१ किलो आले की बाकाचा ताण ७८० मेगापास्कलच्या घरात जातो. नॉर्मलाइज्ड ४१३० साडेचारशेच्या आसपासच नमतो. जाडी वाढवून बघितली, पण वजन वाढतं आणि पाइप वाकण्यावरच काम करत राहतो. पातळ पाइपला वाकवून राबवणं चुकीचं, त्याला ताणावर राबवायचं.

एका मित्राने सुचवलं की पट्टा लांब ठेवून थेट शेपटीकडच्या बल्कहेडला (आडव्या चौकटीला) न्यायचा. वेल्डिंगच नको. मला ते पटलं नाही. पट्टा १० टक्के ताणला असं धरलं, तर अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात डोकं ५ सेंटीमीटर जास्त पुढे जाईल, दीड मीटरच्या पट्ट्यात १५. टँडम विमानात, म्हणजे सीट एकामागे एक असताना, मागच्याच्या डोक्यापुढे असतं पुढच्याचं डोकं. पट्टा शक्य तितका आखूड आणि तोही पॉलिएस्टरचा. नायलॉन जास्त ताणतो, शिवाय उन्हात लवकर कुजतो.

म्हणून व्ही-ब्रेस. आडव्या पाइपच्या मध्यापासून दोन बारीक पाइप मागे, त्यामागच्या चौकटीवर दोन्ही लाँजरॉनच्या (सांगाड्याच्या लांब उभ्या पाइपांच्या) जोडांपर्यंत. बे ६५० मिमीची, म्हणजे प्रत्येक पाय साधारण ७१६ मिमी. ५/८ इंच, ०.०३५ जाडीचा पाइप घेतला. मध्यावर ९०० किलो आले तर प्रत्येक पायात सुमारे ४९६ किलोचा सरळ ताण. धातूवर ११६ मेगापास्कलच. दोन्ही पायांचं मिळून वजन अर्ध्या किलोपेक्षा कमी!

९०० का, तर एफएएच्या २३.५६२ या नियमात दुहेरी खांदेपट्ट्यांतला एकूण ताण २००० पौंडांच्या, म्हणजे ९०७ किलोंच्या आत राहावा अशी अट आहे. ती माणसाच्या शरीराची मर्यादा. माझं म्हणणं असं, की शरीर जेवढं सोसेल तेवढं अँकरने सोसायलाच हवं. विमानाचा सांगाडा माणसाच्या आधी हरता कामा नये.

नवा नमुना टिग वेल्डिंगवर केला. आमचे वेल्डर एरवी दुधाच्या स्टीलच्या टाक्या करतात. हात इतका स्थिर की मण्यांची ओळ एकसारखी बसते. ४१३० ला पाणी मारून थंड करायचं नाही, हे त्यांना सांगावंही लागलं नाही. लोड सेल मार्केट यार्डात गुळाचे काटे दुरुस्त करणाऱ्या मित्राने तपासून दिला. ४३१ ला सांगाडा हललाही नाही. ६००, ७५०, आणि मग ९००. तिथे थोडा वेळ धरून ठेवला. ताण सोडल्यावर बाक मोजणाऱ्या डायल गेजचा काटा शून्यावर परत आला. शेडमधल्या सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा वाकून पाहिला, मीही.

आमच्यातले काही जण अजून म्हणतात, मागे लॅप बेल्ट पुरे. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने १९८५ साली लहान विमानांचे जगण्याजोगे अपघात तपासले. मृतांपैकी २० टक्के खांदेपट्ट्यांमुळे वाचू शकले असते आणि गंभीर जखमींपैकी ८८ टक्के लोकांच्या जखमा बऱ्याच हलक्या झाल्या असत्या, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे इंजिन बंद पडलं की खाली ऊस. ताशी ६५ किमीने टेकून एका मीटरमध्ये थांबलो तर सरासरी १६-१७ जी, दोन मीटर मिळाले तर आठच्या थोडं वर. मागच्या सीटवर माझी मुलगी बसणार आहे. मला या बाबतीत तडजोड करायची नाही.

सामानाबद्दल एवढंच: पट्टे शिवून देणारे सीट कव्हरवाले कितीही चांगले असोत, हे काम त्यांचं नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे रेसिंग हार्नेसही नकोत. लेबल खरं की खोटं कळत नाही. मी हूकर हार्नेसचा पाच पॉइंटचा सेट घेतोय. बोल्ट एएन५ (विमानाचा ५/१६ इंची); एकेरी शिअर, म्हणजे एका जागी आडवं कापलं जाण्याची ताकद, ५,७५० पौंड. टोकाची फिटिंग बुशिंगवर मोकळी फिरली पाहिजे, आवळून टाकली तर ओढ तिरकी आल्यावर तीच वाकून तुटते.

दोन पायांमधून येणारा पाचवा पट्टा हवाच. खांदेपट्टे ताणले की बकल वर खेचतात, लॅप बेल्ट ओटीपोटावर चढतो आणि माणूस खालून घसरतो. पण तो पट्टा येतो नेमका स्टिकच्या, म्हणजे विमान चालवायच्या दांड्याच्या, वाटेत. स्टिक पूर्ण मागे ओढली की त्याचा अॅडजस्टर आडवा येतो, आणि एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीचा) प्रवास कमी झालेला मला अजिबात चालणार नाही. अॅडजस्टर सीटपॅनखाली नेता येईल असं वाटतंय.

आणि हे लिहिता लिहिताच एक सुचलं. व्ही-ब्रेस वेल्ड केला की बॅगेज शेल्फ कायमचं अडतं आणि एलिव्हेटर केबलची पाहणीही त्रासाची. पाय फक्त ताणावर काम करतात, तर मग टोकांना फोर्क (दुबेळकी टोक) घालून बोल्टने का जोडू नयेत? ६-७ मिमीच्या केबलचाही विचार आला, पण केबल सैल पडते आणि प्रत्येक वेळी ताण बघावा लागतो. पाइपच बरा. पायांच्या चार टोकांसाठी चार लग (भोक असलेल्या पट्ट्या) वेल्ड करावे लागतील, वजन थोडं वाढेल. खऱ्या फ्यूजलाजवरचं वेल्डिंग म्हणून थांबवलंय. आधी नमुन्यावर लग बसवून पुन्हा ९०० किलो, आणि या वेळी डायल गेज लाँजरॉनच्या जोडावरही. कुणी टँडममध्ये पाचव्या पट्ट्याचा अॅडजस्टर सीटखाली बसवला असेल तर स्टिकपासूनची मापं कळवा.