तुम्ही विचारलंत म्हणून: मंगळवारी चार वाजता

“एवढी कामं, आणि वर त्या मुलांचं. कसं काय जमवता हो?” हा प्रश्न मला लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. परवा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारला. तिथं बोलणं शक्य नव्हतं, म्हणून इथं सांगते.

जमत नाही.

कामं कोणती, ते आधी. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. म्हणजे तास झाला तर पैसे, आणि मे महिन्यात तास नाहीत. दुपारी प्रुफं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दिवाळी अंकांचा हंगाम, तेव्हा आमच्या घरात ऱ्हस्वदीर्घाशिवाय दुसरं काही शिजत नाही. अधूनमधून भाषांतरं, बहुतेक औषधांच्या चाचण्यांची संमतीपत्रं. आणि मंगळवारी चार ते सहा निरीक्षणगृहातल्या मुलांना लिहावाचायला शिकवते. हे बिनपैशाचं.

निरीक्षणगृह म्हणजे लोकांच्या तोंडचं रिमांड होम. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना चौकशी चालू असताना तिथं ठेवतात. निर्णय बालन्याय मंडळ करतं: एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई. २०१५च्या बालन्याय कायद्याच्या मराठीत या मुलांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. मुद्रितशोधक असूनही मला हा शब्द एका दमात म्हणता येत नाही. मुलं एकमेकांना कलमानं ओळखतात. “हा तीनशे सातवाला.” १ जुलै २०२४पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ झालं १०९, खुनाचं ३०२ झालं १०३. आता ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणं. मुलांचा आकडा मात्र जुनाच आहे, नव्यात वजन नाही म्हणतात.

पहिल्या वर्षी मी ‘क कमळाचा’ घेऊन गेले होते. सोळा वर्षांच्या, मिशी फुटलेल्या मुलासमोर कमळ! दोन मंगळवार त्यांनी सहन केलं. तिसऱ्याला एकानं विचारलं, “म्याडम, तुम्हाला याचे किती देतात?” काहीच नाही म्हटल्यावर वर्गात एकदम संशय पसरला. फुकट कोण येतं? मग मी माझा सगळा हिशेबच फळ्यावर मांडला. प्रुफाच्या पानाला पंधरा रुपये, नीट वाचलं तर तासाला सहा पानं. गाड्या धुणाऱ्या एकानं उठून शेजारी आपला मांडला: बाइकला पंचवीस, तासाला चार. तो माझ्यापेक्षा तासाला दहा रुपयांनी पुढं होता. त्या दिवशी वर्ग सुरू झाला असं मी धरते. त्यांचंही काम नगावर, माझंही नगावर. पक्की नोकरी असती तर मी तिथं बाहेरून आलेली बाईच राहिले असते.

एका कामातलं दुसऱ्यात असं झिरपतं. संमतीपत्रात ‘प्रतिकूल परिणाम’ लिहून भागत नाही. कमी शिकलेल्या माणसाला कळलं पाहिजे, त्यालाच त्रास होणार असतो. तीच सवय मंडळाचा आदेश वाचून दाखवताना उपयोगी पडते. एक मुलगा आयटीआयला वेल्डर ट्रेडला जाणार होता (तिथं दहावी नापासही चालतो), पण ‘आत’ राहिल्याचं कळलं तर हाकलतील म्हणून फॉर्मच भरेना. त्याला बालन्याय कायद्याचं कलम २४ सोप्या मराठीत लिहून दिलं: लहानपणीच्या या प्रकरणामुळं पुढं कुठं अपात्र ठरत नाही. अपवाद आहे, सोळा पूर्ण झालेल्याला प्रौढासारखं धरून खटला चालला असेल तर. तोही लिहिला. मुलं अपवाद आधी शोधतात.

आता न जमलेलं सांगते, कारण विचारणाऱ्यांना ते ऐकायचं नसतं.

पूर्वी मी शनिवारीही जायचे. सुटलेल्या मुलांना नंबर द्यायचे, “कधीही फोन कर” म्हणायचे. ‘कधीही’ हा शब्द तोंडातून फार सहज निघतो. एका ऑक्टोबरात दोन अंक एकदमच छपाईला जायचे होते. फोन गप्प करून रात्री दीडपर्यंत प्रुफं वाचली. झोपताना पाहिलं, तर एकाच मुलाचे सात मिसकॉल. तो स्वारगेटला उभा होता. मावशीकडं सोलापूरला जावं की जुन्या मित्रांकडं, एवढंच विचारायचं होतं त्याला. मी लगेच फोन लावला, तर त्याचा बंद. तीन आठवड्यांनी तो परत वर्गात, मागच्या सतरंजीवर. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “कामात असाल तुम्ही.” चिडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी शनिवार सोडला. लोकांना हे उलटं वाटतं. पण दोन कामांच्या मधे दमून, उशिरा पोचणारी बाई त्या मुलांनी खूप पाहिलीय. बाप रविवारी भेटायला येतो म्हणतो, येत नाही. मंडळाची तारीख असते, ती पुढं जाते. माझ्यावर मुलं पैज लावायची, आज येते की नाही. हरेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची. हे मला तिथल्या काळजीवाहक काकांनी नंतर सांगितलं. आता कुणी पैज लावत नाही, ताटं पाळीनं घासतात.

दोनातला एक अंकही सोडला. पैशाची तूट पडली ती पडलीच, ती काही कुठून भरून निघाली नाही. आणि ‘कधीही’ बंद केलं. फोन संध्याकाळी सात ते नऊ. एरवीसाठी कागदावर दोन नंबर लिहून देते: त्यांच्या परिवीक्षा अधिकाऱ्यांचा, मुलांच्या भाषेत पीओ सरांचा, आणि अठराच्या आतल्यांसाठी १०९८, म्हणजे मुलांची हेल्पलाइन. मी समुपदेशक नाही. रात्री अडीचला कुणाचा जीव सांभाळायचं शिक्षण माझ्याकडं नाही, हे मान्य करायला मला एक मुलगा परत आत यावा लागला.

तो आता एकोणीसचा आहे, भोसरीत वेल्डिंगच्या शॉपमधे. आठवड्यातून एकदा फोन करतो. बोलतो फार थोडं. “काही नाही, सहज” म्हणतो, मागं ग्राइंडरचा आवाज. परवा मी कुकर लावत होते. फोन वाजला, त्याचं नाव दिसलं, हात पुसेपर्यंत त्यानंच कापला. घड्याळात पाहिलं, तर सातला दोन मिनिटं कमी होती. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला.